निर्मळाईची आणि राणीच्या धुण्याची कहाणी

ऐक गं निर्मळाई, पाण्याची आई, तुझी कहाणी सांगते. बायांनो, अक्षता हातातच ठेवा, मन इकडं द्या.

नदीच्या वळणावर एक आटपाट नगर वसलं होतं. नगराला राजा होता. राजाची आई होती, थोरली राणी. दर साल भादवा सरला, पूर ओसरला, पाणी निवळलं, की थोरली राणी अनवाणी घाटावर जाई, निर्मळाईचा वसा चालवी. काय करी, कसं करी, ते ती मिरवत नसे. पुढं थोरली राणी देवाघरी गेली. जाताना सुनेला म्हणाली, "मुली, घाटावरचा वसा तेवढा सांभाळ." सून हो म्हणाली.

सुनेचं नाव केतकावती. डोंगरातल्या लहानशा गढीची ती लेक. तिकडं माती तांबडी, ओढ्याचं पाणी तांबडं, पांढरं लुगडंही धुऊन धुऊन तांबूस व्हायचं. लग्न होऊन ती पालखीतून उतरली, तेव्हा राजवाड्यातल्या बायकांनी तिच्या पदराकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला. एकीनं पुसलं, "सूनबाई, माहेरी धुणं धुतात, की नुसतंच भिजवतात?" साऱ्याजणी हसल्या. केतकावती हसली नाही, रडलीही नाही. पण ते हसणं तिच्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. माझं कापड सगळ्यांत पांढरं दिसलं पाहिजे. उठता तेच, बसता तेच.

राजवाड्याचं धुणं भिवरा परटिणीकडं असे. भिवरा थोरल्या राणीच्या वेळेपासूनची. रिठ्याच्या पाण्यात कापड भिजवी, हळू हातानं चोळी, वाहत्या पाण्यात खळबळून काढी, उन्हात वाळवी. कपडे स्वच्छ होत, मऊ होत, त्यांना उन्हाचा वास येई. पण राणीचं समाधान होईना. "भिवरे, हे अजून पांढरं कसं होत नाही?" भिवरा म्हणे, "राणीसाहेब, कापूस जेवढा पांढरा, तेवढं कापड पांढरं. त्याच्यापुढं कुठून आणू?"

मग भादवा सरला, नदी निवळली. लवंगा नावाची दासी होती, ती म्हणाली, "बाईसाहेब, वशाचे दिवस आले." राणी म्हणाली, "यंदा पाहुणे आहेत, पुढल्या साली बघू." दुसरं साल आलं. लवंगा म्हणाली, "बाईसाहेब, वशाचे दिवस आले." राणी म्हणाली, "यंदा मला दिवस गेलेत, पुढल्या साली बघू." तिसरं साल आलं. राणीला मुलगा झाला होता, मांडीवर खेळत होता. लवंगा म्हणाली, "बाईसाहेब, वशाचे दिवस आले." मग राणी चिडली. म्हणाली, "राणीनं घाटावर बसून धुणं धुवायचं? लोक काय म्हणतील? माहेरची सवय गेली नाही म्हणतील. पुन्हा हे नाव काढू नकोस." वसा राहिला.

तशात काय झालं? एक परदेशी सौदागर नगरात आला. त्याच्याकडं एक भुकटी होती. दिसायला पिठासारखी, नाकाला झोंबणारी. सौदागर म्हणाला, "राणीसाहेब, रिठे सोडा, शिकेकाई सोडा. ही भुकटी पाण्यात टाका, कापड बुडवा, काढा. बगळ्याला लाज वाटेल." राणीनं पोतीच्या पोती घेतली. भिवराला बोलावलं. भिवरानं भुकटी चिमटीत धरली, चटकन टाकून दिली. म्हणाली,

"राणीसाहेब, ही बोटाला चावते."

"मग काठीनं ढवळ."

"ढवळीन काठीनं. पिळू कशानं?"

राणी म्हणाली, "ते मला विचारू नकोस. मला पांढरं कापड पाहिजे."

भिवरा काय करणार? मान खाली घातली, पोतं उचललं, घाटावर गेली.

पहिलं धुणं आलं. कापड असं पांढरं, की बघणाऱ्याचे डोळे दिपले. राणी ते नेसून सगळ्या चौकांतून फिरली. ज्या बायका हसल्या होत्या त्या म्हणाल्या, "सूनबाई, असं धुणं आम्ही पाहिलं नाही बाई!" राणीला वाटलं, माझं माहेर आज धुऊन निघालं. दुसरं धुणं आलं. पांढरं पांढरंच होतं, पण शालूचा हिरवा काठ फिकुटला, जांभळा पदर मळकट झाला. राणी म्हणाली, "काठांचं काय एवढं? नवे आणू." तिसरं धुणं आलं. राजा उपरणं घेऊन दरबारात बसला, कुणाला तरी अभय द्यायला हात वर केला, तर उपरणं खांद्यापासून टरकन फाटलं. सुतात जीवच उरला नव्हता. दरबार हसू दाबून बसला.

आणि भिवराचे हात? आधी लाल झाले, मग सुजले, मग फुटले. भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना. तिनं निरोप धाडला, "माझ्यानं होत नाही." राणीनं दुसऱ्या बायका लावल्या. त्यांचेही हात फुटले. त्याही गेल्या. घाटाच्या पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून पांढरं पडलं. मासे तिथून दूर गेले. गुरं पाण्याला तोंड लावून मागं फिरू लागली. नगरात कुजबुज झाली. राणीच्या कानावर आली, राणीनं कान बंद केले.

मग निर्मळाई म्हणाली, हिला कानानं ऐकू येत नाही, हिला पोटातून ऐकवलं पाहिजे.

राणीच्या मुलाला पुरळ उठलं. मानेला उठलं, पाठीला उठलं, मांड्यांच्या सांध्यांत उठलं. बाळ रात्रंदिवस किरकिर करी. राजवैद्य आले. त्यांनी चंदन लावलं, उतार नाही. लोणी लावलं, उतार नाही. कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं, धुतलेलं झबलं घातलं की पुन्हा तेच. वैद्य म्हणाले, "औषध लागू पडतंय, पण कुणीतरी ते पुसून टाकतंय." कोण, ते त्यांनाही उमगेना.

आणखी एक गोष्ट झाली. बाळ आईच्या कडेवर राहीना. राणीनं घेतलं की आकांत करी, अंग ताठ करी, पाय झाडी. लवंगानं घेतलं की तिच्या खांद्यावर मान टाकी, गप्प होई. राणीनं एकदा घेऊन पाहिलं, दोनदा घेऊन पाहिलं, तिसऱ्यांदा बाळानं तिच्या तोंडावर हात मारून तिला दूर लोटलं. राणी खाली बसली. लवंगाला म्हणाली, "तू त्याला काय शिकवलंस गं?"

लवंगा घाबरली. म्हणाली, "बाईसाहेब, देवाची आण, मी काहीच शिकवलं नाही. तो नुसता माझ्या पदरात तोंड घालून पडतो."

"तुझ्या पदरात काय आहे?"

"काय असणार? जुनं लुगडं आहे. विहिरीवर माझं मीच धुते."

राणीनं ते लुगडं हातात घेतलं. विटकं होतं, पण सायीसारखं मऊ होतं. गालाला लावलं, गार वाटलं. मग आपला पांढराशुभ्र पदर गालावर घासला. थोडा वेळ काही वाटलं नाही. मग चुरचुरलं. मग आग झाली. राणी म्हणाली, "लवंगा, तुझं लुगडं मला दे." ते विटकं लुगडं ती नेसली. बाळाला उघडंच घेतलं. बाळानं नाक घासलं, हुंदका दिला, आणि आईच्या खांद्यावर झोपी गेलं.

राणी हलली नाही. खांदा अवघडला तरी हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला कळलं, औषध कोण पुसत होतं.

मग बाळाला लवंगाजवळ दिलं, आणि तशीच, विटक्या लुगड्यात, अनवाणी, राणी घाटावर गेली. घाट ओसाड पडलेला. एक म्हातारी तेवढी अगदी खालच्या पायरीवर बसून बाळोती धूत होती. पाठ वाकलेली, केस पांढरे, पण हात लहान मुलीसारखे नितळ. राणी म्हणाली,

"आजी, इथं कुणीच का येत नाही?"

"पाणी चावतं म्हणून."

"मग तुम्ही कशा बसलात?"

"मी कुठं जाऊ? माझं घरच हे."

राणीच्या अंगावर काटा आला. तिनं म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, "मी चुकले. सासूबाईंनी वसा सोपवला, मी टाकला. माझ्या बाळाचं अंग भाजलंय. मला वसा सांगा."

म्हातारी म्हणाली, "सांगीन. पण वसा घेशील, लोक हसतील, चार दिवसांनी कंटाळशील, मग टाकशील."

"लोक हसले तर हसोत. उतणार नाही, मातणार नाही, घेतला तो टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "मुली, आदल्या संध्याकाळी रिठे भिजत घाल. सकाळी बिया काढ, कुस्कर, मंद आचेवर उकळ, फडक्यातून गाळ. जेवढा फेस येईल तेवढा पुरे, जास्तीचा हट्ट धरू नकोस. पांढरं वेगळं भिजव, रंगीत वेगळं. रेशमाला गार पाणी दे, पीळ घालू नकोस, सावलीत वाळव. तेलाचा डाग पडला तर वर डाळीचं पीठ भुरभुरव, पीठ तेल पिऊन घेईल, मग धू. लोखंडाच्या डागाला लिंबू आणि मीठ. रक्ताच्या डागाला गारच पाणी, ऊन पाण्यानं तो घट्ट बसतो. मळकं सुती कापड राखेच्या निवळीत बुडव, पण राख खाली बसू दे, वरचं पाणी घे, त्यात भरपूर साधं पाणी घाल. हळदीचा डाग त्या निवळीत लालभडक होईल, भिऊ नकोस, धुऊन सूर्यनारायणाला दाखव. आणि शेवटचं पाणी तोंडात घेण्याजोगं निघेपर्यंत खळबळत राहा. खरं धुणं ते. मळ काढणं सगळ्यांना येतं, ज्यानं मळ काढला ते काढायचं माणूस विसरतं."

राणी म्हणाली, "मग कापड पांढरं होईल?"

"होईल. जाईच्या फुलाएवढं होईल. चुन्याएवढं होणार नाही. चालेल?"

राणी म्हणाली, "चालेल."

"मग ऐक. बाळाच्या अंगाचं धुणं तू स्वतः धू. आणि तुझ्यापायी जिचे हात फुटले, तिच्या दारी तू स्वतः जा. तिचं धुणं आण, धू, वाळव, घडी घालून परत दे. ती आपण होऊन तुझ्या घरी जेवेल, तेव्हा वसा पुरा होईल." एवढं बोलून म्हातारी बाळोती पिळायला वळली. राणीनं डोळे पुसून पाहिलं, तर पायरी ओली होती, म्हातारी नव्हती.

राणी वाड्यात आली. संध्याकाळी रिठे भिजत घातले. सकाळी झबली, दुपटी, बाळोती घेऊन घाटावर गेली. तिला कुठं सवय होती? रिठ्याचं पाणी डोळ्यांत उडालं. एक दुपटं वाहून गेलं, कंबरभर पाण्यात जाऊन पकडावं लागलं. पलीकडच्या काठावर बायका जमल्या, म्हणाल्या, "राणी धुणं धुतेय गं!" हसल्या. राणी मान खाली घालून खळबळत राहिली. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. मग हाताच्या ओंजळीत घेऊन ते पाणी चाखून पाहिलं. गोड लागलं. तेव्हा कपडे उन्हात घातले.

बाळाला ते कपडे घातले. पहिल्या दिवशी किरकिर कमी झाली. दुसऱ्या दिवशी पुरळ सुकलं. चार दिवसांत खपल्या पडल्या, खालून गुलाबी कातडी आली. वैद्य म्हणाले, "आता औषध टिकलं." बाळ आईच्या कडेवर बसून तिच्या नथीशी खेळू लागलं. राजा आनंदला. राणी आनंदली. सौदागराच्या भुकटीची उरलेली पोती तिनं एका कोठडीत कोंडून ठेवली.

आणि भिवरा? भिवराकडं जायचं राणीला जड जात होतं. घाटावर चार बायका हसल्या, ते तिनं सोसलं. पण जिला आपण "ते मला विचारू नकोस" म्हणालो, तिच्या दारात उभं राहायचं, हे तिला सोसेना. म्हणून राणीनं काय केलं? भरजरी लुगडं पाठवलं. भिवरानं परत धाडलं. सोन्याच्या पाटल्या पाठवल्या. भिवरानं परत धाडल्या. डोली पाठवली, जेवायला बोलावलं. डोली रिकामी आली. राणी म्हणाली, "मी आपलं केलं. ती येत नाही, त्याला मी काय करू?" आणि गोष्ट मनाआड केली.

मग निर्मळाई रुसली. राणीनं बाळाला न्हाऊ घालायला चांदीच्या घंगाळात हात घातला, पाणी गढूळ झालं. भादव्यातल्या पुरासारखं गढूळ. ते ओतून दिलं. तांब्याच्या हंड्यात हात घातला, पाणी गढूळ झालं. मातीच्या घागरीत हात घातला, पाणी गढूळ झालं. दुसऱ्या कुणी हात घातला तर पाणी नितळ राही. राणीला बाळाला न्हाऊ घालता येईना, त्याचं धुणं धुता येईना, त्याला तोंडाशी पेला धरून पाणी पाजता येईना. बाळ तिच्याकडं हात पसरून "पा, पा" म्हणे, आणि राणी लवंगाला हाक मारी.

राणी समजली. उठली, एकटीच निघाली.

भिवराचं घर गावकुसाशी होतं. दार लोटलेलं होतं. राणीनं कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे?"

राणीला वाटलं होतं, आपण नाव सांगू, मग ती उठेल, मुजरा करील, मग आपण बोलू. पण तोंडातून वेगळंच निघालं. ती म्हणाली, "धुणं न्यायला आले."

मग भिवरा दारात आली. दोन्ही हातांना तुपात भिजवलेल्या चिंध्या बांधलेल्या. तिनं राणीकडं पाहिलं. मुजरा केला नाही. म्हणाली, "कुणाचं धुणं?"

"तुमचं. घरातलं सगळं."

"राणीसाहेब, थट्टा करायला आलात का?"

"नाही, भिवराबाई."

भिवरानं ते 'बाई' ऐकलं. आत गेली, कोपरानं ढकलत ढकलत एक गाठोडं बाहेर आणलं. नवऱ्याचं घामट धोतर होतं, उशांचे तेलकट अभ्रे होते, चुलीशी वापरायची फडकी होती. सगळ्यांत वर एक पांढरं लुगडं होतं, सगळीकडं हळदीनं माखलेलं. राणीनं पुसलं, "हे कुणाचं?"

भिवरा म्हणाली, "माझ्या पारूचं. गेल्या महिन्यात लगीन झालं तिचं. हळदीच्या वेळचं लुगडं आहे. सासरी पाठवायचं आहे." मग म्हणाली, "एकुलती एक लेक. तिला हळद लावायची होती. हळदीत हात घातला, तर हे असले हात! आग सोसवेना. शेजारणीनं लावली. मी नुसती बसून बघितली."

राणीनं गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि घाटाकडं चालू लागली.

घाटावर जाऊन तिनं भीत भीत पाण्यात हात घातला. पाणी नितळ राहिलं. तळातले गोटे दिसले. राणीला हुंदका आला, पण रडत बसायला वेळ नव्हता, धुणं पुष्कळ होतं. अभ्र्यांवर डाळीचं पीठ भुरभुरवलं, पिठानं तेल ओढून घेतलं, मग रिठ्याच्या पाण्यात चोळलं. धोतर राखेच्या निवळीत बुडवलं, फडकी बुडवली. त्याच निवळीत पारूचं लुगडं घातलं. घातलं मात्र, हळदीचे डाग लाल झाले. रक्तासारखे लाल. राणीच्या मागोमाग घाटावर आलेली लवंगा किंचाळली, "अगं बाई, हे काय झालं!" राणीनं लुगडं वर उचललं. लेकीच्या हळदीचं लुगडं, आणि आपण त्याचं हे केलं. आता भिवराला तोंड कसं दाखवायचं?

लवंगा हळूच म्हणाली, "बाईसाहेब, कोठडीत ती भुकटी आहे ना. चिमूटभर घाला. डाग पळेल. कुणाला कळतंय?"

राणीच्या मनात आलं, खरंच, कुणाला कळतंय? चिमूटभरच तर. मग तिनं आपल्या ओल्या हाताकडं पाहिलं, आणि भिवराच्या हाताच्या चिंध्या तिला आठवल्या. म्हणाली, "नको. आजी म्हणाल्या, भिऊ नकोस, सूर्यनारायणाला दाखव. दाखवीन."

लुगडं भरपूर पाण्यात खळबळून काढलं. लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं. उन्हात घालायला गेली, तर आभाळ भरून आलं. लुगडं ओसरीत घेतलं. दुसऱ्या दिवशी अवकाळी भुरभुर लागली. राणी लुगड्यापाशी बसून राहिली. लवंगा कोठडीच्या किल्लीशी चाळा करत होती, राणीनं ती किल्ली मागून घेतली. तिसऱ्या दिवशी सूर्यनारायण उगवले. राणीनं लुगडं ओलं करून उन्हात पसरलं, सुकलं की पुन्हा ओलं केलं, पुन्हा पसरलं. दिवसभर तेच केलं. हळद हळूहळू फिकी झाली, उडून जाऊ लागली. संध्याकाळी बघते, तर सारं लुगडं जाईच्या फुलासारखं, पदराच्या टोकाला तेवढी एक पिवळी झाक.

राणीनं सगळ्याच्या घड्या घातल्या. गाठोडं घेऊन भिवराच्या दारी गेली. भिवरानं एकेक कापड मनगटानं उलगडून पाहिलं. अभ्रा नाकाला लावला. धोतर उजेडात धरायला सांगितलं. मग लुगडं पाहिलं. राणी म्हणाली, "टोकाला थोडी हळद राहिलीय. आणखी एक दिवस उन्हात ठेवते, जाईल."

भिवरानं तो पदर गालाला लावला. म्हणाली, "राहू द्या. माझ्या पारूची हळद आहे. थोडी राहिली तर बरंच."

आणि ती रडली. राणीही रडली. दोघी उंबऱ्याच्या आत नि बाहेर बसून रडल्या. मग राणीनं बरोबर आणलेलं खोबरेल काढलं, भिवराच्या हाताच्या चिंध्या सोडल्या, एकेका बोटाला तेल लावलं. ज्या बायकांचे हात फुटले होते त्या सगळ्यांच्या घरी गेली, त्यांचंही धुणं आणलं, धुतलं, पोचवलं. भुकटीची पोती नदीपासून लांब, पडीक माळावर खोल खड्डा करून पुरून टाकली. सौदागर पुन्हा आला, त्याला वेशीवरूनच परत पाठवलं.

महिना गेला. भिवराचे हात भरून आले. एक दिवस सकाळी ती आपण होऊन वाड्याच्या दारात उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "राणीसाहेब, आज तुमच्याकडं जेवीन म्हणते." राणीनं पाट मांडला, रांगोळी घातली, साध्या वरणभातावर तूप वाढलं, पुरणपोळी वाढली. भिवरा जेवली, तृप्त झाली. राणीनं हातावर पाणी घातलं. पाणी नितळ होतं.

जाताना भिवरा म्हणाली, "वाड्याचं धुणं उद्यापासून मी नेते. रिठ्यात धुणार, कापूस जेवढा पांढरा तेवढंच पांढरं आणणार. कबूल?"

"कबूल."

"आणि बाळाचं धुणं नेणार नाही. ते तुमचं. त्याला आईच्या हातचं लागतं."

राणी हसली. म्हणाली, "ते मी देणारही नव्हते."

तसंच झालं. घाटावर पुन्हा बायका आल्या. पायऱ्यांना शेवाळ धरलं, मासे परतले, गुरं पोटभर पाणी प्याली. दर साल नदी निवळली की राणी अनवाणी घाटावर बसे, पलीकडच्या काठावरच्या बायका आता हसत नसत, आपापलं धुणं घेऊन तिच्या शेजारी येत. बाळ मोठं झालं, राज्य करू लागलं. त्याचं लग्न झालं, सून आली. सुनेच्या माहेरच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा पिवळट रंग चढला होता. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. केतकावतीनं सगळ्यांदेखत ते लुगडं हातात घेतलं, गालाला लावलं. म्हणाली, "किती मऊ आहे गं. कुणी धुतलं?" सून म्हणाली, "आईनं." राणी म्हणाली, "चल, तुला घाट दाखवते."

जसे भिवराचे हात भरून आले तसे तुमचे आमचे येवोत. जसं राणीचं पाणी नितळ झालं तसं घरोघरचं होवो. लेकरांच्या अंगाला मऊ लागो, नदीला गोड लागो. निर्मळाई केतकावतीवर रुसली तशी कुणावर न रुसो, प्रसन्न झाली तशी सगळ्यांना होवो. ही साठ पाण्यांची कहाणी पाच पाण्यांत निवळली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. बायांनो, अक्षता वाहा.